दहापैकी दहा

भूपेंद्रला दहापैकी नऊ मार्क पडले, तेव्हा मला पहिला राग आला तो भूमिका सिस्टरचा. शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटं मोजायचं होतं. हा म्हणाला, शंभर, नव्वद, ऐंशी, साठ. सत्तर राहिले. आता मला सांगा, अंगात एकशे दोन ताप असलेल्या माणसाचे सत्तर राहिले तर काय आभाळ कोसळलं? माझ्या वर्गात पोरगं घाबरलं असलं तर मी त्याला पुन्हा विचारते. या बाईनं विचारलं नाही. कागदावर नऊ लिहिले, वेळ टाकली आणि म्हणाली, "मॅडमना सांगते."

मी रत्ना. पाचोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवतेय. भूपेंद्र माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, नरडाण्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. त्याला पाढे मी शिकवले, सायकल मी शिकवली, पुनमचं स्थळही मीच आणलं. म्हणून जळगावच्या दवाखान्यात त्याच्याजवळ एकानंच राहायचं असं कळलं, तेव्हा मी कोणाला विचारलंच नाही. पुनम, त्याची बायको, म्हणत होती मी राहते. मी तिला म्हटलं, "तुला रडू येतं, मला राग येतो. दवाखान्यात राग कामाला येतो." ती गप्प बसली आणि सहा वर्षांच्या लेकीला, चैतालीला घेऊन नरडाण्याला थांबली. माझ्यापुढे सगळेच गप्प बसतात. मला ते माझं कौतुक वाटायचं.

दुखणं दोन वर्षांचं. मानेत गाठ आली, मग काखेत. लिम्फोमा म्हणाले, म्हणजे गाठींचा कॅन्सर. केमो झाली, गाठी गेल्या, परत आल्या. दुसरी केमो झाली, पुन्हा परत आल्या. तिसऱ्या खेपेला या हायवेवरच्या नव्या दवाखान्यातल्या डॉक्टर कामिनी मॅडम म्हणाल्या, एक नवीन उपचार आहे. यांच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या. त्या पेशींना हा कॅन्सर ओळखताच येत नाही, शेजारी बसला तरी त्यांना तो आपलाच वाटतो. मुंबईकडच्या लॅबमध्ये त्यांच्यात बदल करून त्यांना ओळखायला शिकवतात, वाढवतात आणि परत यांच्याच अंगात सोडतात.

"म्हणजे शाळाच झाली की," मी म्हटलं.

भूपेंद्र लगेच म्हणाला, "तठे बी तुन्हासारखी मारकुटी बाई शे का?" मॅडम हसल्या. याला मरणाच्या दारातही माझी टिंगल सुचते.

रक्त मशीनमधून फिरवून पेशी काढल्या. पंचवीस दिवसांनी त्या धुरकट थंडगार डब्यातून परत आल्या. पिशवी बघितली तर मूठभर. भूपेंद्र म्हणाला, "यान्हासाठे इतला दिन वाट दखी का?" वीस मिनिटांत ती पिशवी त्याच्या शिरेत रिकामी झाली आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

त्याच दिवशी मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, नीट सांगितलं होतं. या पेशी आत गेल्या की कॅन्सरवर तुटून पडतात, त्या झटापटीत ताप येतो, आणि कधीकधी मेंदूला त्रास होतो. माणूस बोलताना अडखळतो, चुकतो. हे लवकर लक्षात आलं तर औषध आहे. उशिरा आलं तर फिट येते, बेशुद्ध पडतो, जीवही जातो. म्हणून रोज दहा प्रश्न विचारायचे. वर्ष कोणतं, महिना कोणता, गाव कोणतं, दवाखाना कोणता. तीन वस्तू ओळखायच्या. सांगितलेलं एक काम करायचं. उलटं मोजायचं. एक वाक्य लिहायचं. मी मान डोलावली. पण माझ्या डोक्यात काय राहिलं, तर दहा मार्क, आणि प्रश्न रोज तेच.

तर नऊ पडले. मॅडम आल्या, म्हणाल्या, "घाबरू नका, पण आता दर चार तासांनी तपासू. अजून कमी झाले तर आयसीयूत हलवावं लागेल."

त्या गेल्या आणि भूपेंद्रनं माझा हात धरला. आमच्या आबांना अकरा वर्षांपूर्वी धुळ्याला आयसीयूत नेलं होतं. आम्ही बाहेर नऊ दिवस बसलो. आबा परत बोललेच नाहीत. "अक्का," तो म्हणाला, "माले तठे नको धाडू. काय बी कर."

काय बी कर म्हणाला आणि मी केलं.

शाळेत तपासणीला साहेब येणार असले की आम्ही काय करतो, हे कोणत्याही मास्तराला विचारा. आठ दिवस आधीपासून तेच ते प्रश्न घोटून घेतो. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. साहेबांना सगळा वर्ग हात वर केलेला दिसतो आणि आम्ही बरोबर उजव्या हाताच्या पोराला उठवतो. यात मला कधी पाप वाटलं नाही. साहेब अर्धा तास येणार, चहा पिणार, शेरा लिहून जाणार. पोरं तर वर्षभर आमचीच असतात.

मी पिशवीतून वही काढली आणि शिकवणी सुरू केली.

"वर्ष?"

"दोन हजार पंचवीस."

"महिना?"

"एप्रिल."

"गाव?"

"जळगाव. अक्का, हाई तं माले येस."

"येस तर मग सत्तर कुठे गेले तुझे? म्हण. शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर."

वस्तू ठरलेल्या होत्या. सिस्टरच्या खिशातलं पेन, हातातलं घड्याळ आणि टेबलावरचा माझा चष्मा. त्याच क्रमानं दाखवायची ती. काम म्हणजे डोळे मिटून जीभ बाहेर काढायची. ते तर भूपेंद्रनं पहिल्या फटक्यात केलं, आणि मग डोळे न मिटता मलाच जीभ दाखवली. वाक्याचा मी नीट विचार केला. जोडाक्षर नको, लांबण नको. मी लिहून दिलं, 'मी बरा आहे.' त्यानं वहीचं पान भरून ते गिरवलं. पहिलीत गिरवायचा तसंच, ओठ दाबून.

सकाळी घोटायचं, दुपारी घोटायचं, सिस्टर यायच्या आधी एकदा उजळणी. दहा पडले. पुन्हा दहा. दोन दिवस ओळीनं दहा. ताप चढत होता, उतरत होता, अंग थरथरायचं, पण मार्क दहा. भूमिका सिस्टरसुद्धा म्हणाली, "दादा एकदम फर्स्ट क्लास." मी घरच्या ग्रुपवर टाकलं, दहापैकी दहा. शाळेच्या ग्रुपवरही टाकलं. लोकांनी टाळ्या पाठवल्या. भूपेंद्र म्हणाला, "तू माले पास करीच देशी." मला वाटलं, जिंकले. अहो, मला खरंच तसं वाटलं.

पेशी सोडल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी ताप उतरलेला होता. बाहेर जळगावचं ऊन नऊ वाजताच भाजून काढत होतं, आत एसीचा गारठा. मी विचारलं, "पाणी देऊ का?"

तो म्हणाला, "जळगाव."

मी हसले. हा लहानपणापासून असाच आहे. "झाली का सुरू मस्करी? मोसंबी सोलू?"

"नव्वद."

"भूप्या, पुरे. पुनमचा फोन आला होता, बोलतोस का?"

"एप्रिल," तो म्हणाला. छान हसून म्हणाला. मग कोणी काही सांगितलेलं नसताना त्यानं डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. मी वाट बघितली. तो जीभ आत घेईना. "घे आत," मी म्हटलं, तेव्हा घेतली.

मी त्याच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. पण माणूस किती हलकट असतो बघा, मी स्वतःला समजावायला लागले. रात्री झोप झाली नसेल. मला चिडवत असेल. इतक्यात सिस्टर आली. तिनं विचारलं, वर्ष. दोन हजार पंचवीस. महिना. एप्रिल. गाव, दवाखाना, पेन, घड्याळ, चष्मा. शंभरापासून दहापर्यंत घसरगुंडीसारखा उतरला. 'मी बरा आहे', स्वच्छ, गोल अक्षरात. दहा. मागून मॅडम आल्या, कागद बघितला, म्हणाल्या, "छान चाललंय. असंच राहिलं तर सोमवारी यांना बाहेरच्या खोलीत नेऊ."

तोंड उघडायचं होतं ते तेव्हाच. मी उघडलं नाही. सव्वीस वर्षांत मी एकदाही साहेबांसमोर म्हटलेलं नाही की पोरांना येत नाही, पाठ करून बोलताहेत. आणि बोलले तर आयसीयू. त्यानं हात धरून सांगितलं होतं, तठे नको धाडू. मॅडम गेल्या. सिस्टर गेली. मी स्टुलावर बसून राहिले आणि त्याच्याकडे बघत राहिले.

त्यानं टेबलावरची पाण्याची बाटली घेतली. झाकण फिरवायला लागला. उलटं. घट्ट होण्याच्या बाजूनं. जोर लावून लावून फिरवत होता, कपाळावर घाम आला, तरी उलटंच. कंपनीत डोळे झाकून नट सोडवणारा माझा भाऊ. लोकांच्या मोटारी, पंप, कडबा कुट्ट्या रविवारी फुकट दुरुस्त करून देणारा. त्याला बाटलीचं झाकण कोणत्या बाजूला उघडतं ते कळेना. आणि तो माझ्याकडे बघून हसत होता, कारण मी सांगितलेलं सगळं त्यानं बरोबर केलं होतं.

मी अनवाणीच पळाले. मॅडम जिन्याशी होत्या. "मॅडम, ते दहा खोटे आहेत," मी ओरडले. सगळा वऱ्हांडा बघायला लागला. "मी घोटून घेतलंय त्याच्याकडून. दोन दिवस. त्याला काही कळत नाहीये."

त्या पळतच आत आल्या.

"भूपेंद्र, तुमच्या मुलीचं नाव काय?"

"जळगाव."

त्यांनी ताटातला चमचा उचलला. "हे काय?" "पेन." मोबाईल दाखवला. "घड्याळ." विसातून दोन-दोन कमी करायला सांगितलं, त्यानं शंभर, नव्वद सुरू केलं. शेवटी कागद पुढे केला. "मुलीचं नाव लिहा बरं इथं." त्यानं लिहिलं, 'मी बरा आहे.' "आता तुमच्या गावाचं लिहा." त्यानं त्याच्याखाली लिहिलं, 'मी बरा आहे.' कागद काढून घेईपर्यंत तो लिहीतच होता. मी भिंतीला टेकले. हे वाक्य मी निवडलं होतं, सोपं म्हणून.

मॅडमनी मार्क लिहिले. तीन. मग सगळी धावपळ. सुया आल्या, डोक्याचा फोटो काढायला नेलं, तिथून सरळ आयसीयूत. जाताना त्यानं माझ्याकडे हात केला की नाही मला आठवत नाही. मी बघितलंच नाही, मला धीर झाला नाही.

दुपारी मॅडम बाहेर आल्या. मला वाटलं झाडतील. झाडलं असतं तर बरं झालं असतं. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, ही परीक्षा त्यांची नव्हती. आमची होती. आम्हाला वेळेत कळतंय का, याची."

"उशीर झाला का?" मी विचारलं.

"झालाय. किती ते उद्या-परवा कळेल. सूज उतरवायचं औषध चालू केलंय. आपण काल सुरू केलं असतं."

मी पुनमला फोन केला. एवढंच म्हटलं, "तू ये. तुझी जागा आहे ती." ती चैतालीला शेजारी ठेवून मिळेल त्या गाडीनं संध्याकाळी आली. दवाखान्याच्या पायरीवर बसवून मी तिला सगळं सांगितलं, काहीसुद्धा गाळलं नाही. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"मला काल सकाळीच शंका आली होती," ती म्हणाली. "फोनवर बोलले ना ते, तर चैतालीचं नाव घेतलं नाही. 'ती लहान शे ना, ती' असं म्हणत राहिले. स्वतःच्या लेकीला कोणी असं म्हणतं का?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू?" तिचा आवाज चढला. नऊ वर्षांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "तुम्ही ग्रुपवर दहापैकी दहा टाकलेलं. तुमच्यापुढे बोलायची सोय आहे का कोणाची? मी म्हटलं असतं अक्का, यांचं काहीतरी बिनसलंय, तर तुम्ही म्हणाल्या असत्या, तुला काय कळतं. म्हणाल्या असत्या ना?"

म्हणाले असते. तेच शब्द. ती उठून आत गेली आणि त्या दिवसापासून त्याच्याजवळ ती राहिली, मी बाहेर.

दुसऱ्या दिवशी दोन मार्क. एकदा त्याचा उजवा हात झटके द्यायला लागला, तेव्हा काचेपलीकडे सहा माणसं जमली आणि पडदा ओढला गेला. मी वऱ्हांड्यात येरझारा घालत होते. एका माणसानं मला विचारलं, बाई, तुमचं कोण आहे आत? मी त्याच्या अंगावर खेकसले आणि मग त्याची माफी मागितली. आमच्या आईला, झुंबरबाईला, मी फोनवर सांगितलं की तो झोपलाय. तिनं विचारलं, "मार्क कितला पडनात आज?" गावात तिनं पोराचं कौतुक सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मना आंडोरले दहा मार्क पडतस. मी फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅडम पुन्हा तपासायला आल्या. पुनम आत, पलंगाच्या कडेला. मी काचेच्या दाराबाहेर. दार थोडं उघडं होतं. भूपेंद्र उशांना टेकून बसलेला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मॅडमनी आज प्रश्नांचा क्रम बदललेला होता आणि वस्तूही वेगळ्या आणल्या होत्या.

कंगवा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. "हाई..." म्हणाला आणि केसांवरून हात फिरवला. नाव आलं नाही. चावी ओळखली. वाटी ओळखली. उलटं मोजताना ऐंशीवर थांबला, मागे गेला, पुन्हा आला, मग सोडून दिलं. माझ्या हाताची बोटं आपोआप मोजायला लागली होती. मी मूठ आवळली.

"आपण कोणत्या गावात आहोत?" मॅडमनी विचारलं.

त्यानं छताकडे बघितलं. पुनमकडे बघितलं. मग त्याची मान फिरली, आणि दारातून त्यानं मला हेरलं. लहानपणी तिमाहीच्या तोंडी परीक्षेत तो असाच बघायचा, अक्का, सांग ना. त्याला माहीत होतं की मी कधी नाही म्हणत नाही. माझे ओठ हलायला लागले होते. चारच अक्षरं, ज, ळ... मी पदर तोंडात कोंबला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याच्याकडे पाठ करून मी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिले असेन. समोर भिंतीवर आग विझवायचा लाल नळकांडं होतं. मी त्याच्यावरच्या सूचना वाचायला लागले, एक अक्षर कळेना.

मागे मशीन टुक टुक करत होतं. मॅडम मदत करत नव्हत्या, पुनम मदत करत नव्हती.

मग त्याचा आवाज आला. थकलेला, चिडका, त्याचा स्वतःचा. "माले नही याद. धुळं नही, इतलं समजस. काय शे हाई गाव, माले नही याद."

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "काही हरकत नाही. पुढचं विचारते."

थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. "सहा," म्हणाल्या. "सूज उतरतेय. अजून धोका टळलेला नाही, पण उतरतेय."

मी तिथेच फरशीवर फतकल मारून बसले आणि हंबरडा फोडला. वॉर्डातून भूमिका सिस्टर धावत आली, तिला वाटलं भलतंच काही झालं. ती मला उठवत होती, पाणी आणा म्हणत होती, आणि मी तिचे दोन्ही हात धरून तिला सांगत होते, त्याला येत नाही गं, त्याला उत्तर येत नाही, आणि तो तसं सांगतोय.